तो टॅक्स भरू नकोस

सांगली,
रविवार, रात्री

प्रिय दिलीप,

सप्रेम नमस्कार.

मेसेज वाचला. बाकीचं पत्र सवडीने वाच, पण त्या क्रिप्टो ॲपमधले तुझे पैसे काढू द्यायला (विड्रॉवलसाठी) ग्रुपवाले जो टॅक्स मागतायत तो भरू नकोस. एक रुपयासुद्धा नाही. वहिनींचे दागिने गहाण ठेवायचं तर डोक्यातूनच काढून टाक.

तुला तो टॅक्स खरा वाटतोय याचं मला नवल नाही. क्रिप्टोच्या नफ्यावर एप्रिल 2022 पासून आपल्याकडे खरोखरच 30 टक्के कर आहे, आणि तो आकडा या मंडळींना आपल्यापेक्षा चांगला पाठ असतो. पण तो कर आपण सरकारला भरतो, ॲपला नाही. भारतातलं एक्स्चेंज, म्हणजे क्रिप्टो घ्यायची-विकायची कंपनी, विकताना 1 टक्का टीडीएस कापतं, तोही विक्रीच्या पैशातूनच. ॲपवर तुझ्या नावाने एवढे लाख दिसतायत, तर त्यातलेच कापून उरलेले द्यायला कोणाची ना आहे? मात्र हे त्यांना विचारायला जाऊ नकोस. तुला संशय आलाय असं कळलं की ग्रुप उडेल आणि पुरावाही त्याच्याबरोबर जाईल.

‘सुरुवातीला आठ हजार काढले, ते खात्यात जमा झाले, मग खोटं कसं?’ असं तू लिहिलंयस. ते आठ हजार हा त्यांचा धंद्यातला खर्च रे. त्या जोरावर तू पुढचे लाख घातलेस. मला खटकलं ते वेगळंच. तुझ्या स्टेटमेंटमध्ये दर वेळी पैसे नव्या खात्यात गेलेत. एकदा कुठलीशी ट्रेडिंग कंपनी, एकदा कापडाचं दुकान, एकदा नुसतंच कोणाचं तरी नाव. गुंतवणुकीचा पैसा असा फिरत नाही. ही पैसे फिरवायला दुसऱ्यांकडून भाड्याने घेतलेली खाती असतात.

आणि ‘चुकून’ मेसेज पाठवून तुला यात ओढणाऱ्या त्या मॅडमचा राग आता बाजूला ठेव. मॅडम आहे की कोणी बुवा, कोण जाणे! म्यानमार-कंबोडियात या कामाचे अड्डेच्या अड्डे आहेत. काय बोलायचं, कितव्या दिवशी बोलायचं, सगळं लिहून दिलेलं असतं. नोकरीच्या आमिषाने नेलेली आपलीच पोरं तिथे अडकतात. मार्च 2025 मध्ये अशा पाचशेहून जास्त भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी थायलंडमार्गे परत आणलं.

आता कामाचं. हे वाचून झालं की 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लाव. लाइन लागली नाही तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार भर. दोन्हींचा उपयोग एकच. तिथून बँकांना कळवलं जातं आणि पुढच्या खात्यात पैसे शिल्लक असतील तेवढे अडवले जातात. ते एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पाच-दहांत पळत असतात, म्हणून उद्या नको. कालच्या दोन लाखांबद्दल आधी सांग. जुने व्यवहार नंतर.

तक्रारीत मॅडमची गोष्ट सांगत बसू नकोस. तारीख, वेळ, रक्कम, यूटीआर नंबर (बँकेच्या व्यवहाराचा क्रमांक), कोणत्या खात्यात गेले, एवढं ओळीने लिही. हकिकत खाली चार ओळींत पुरे. तू एक्स्चेंजवर यूएसडीटी (डॉलरच्या भावाला बांधलेली क्रिप्टो) घेऊन त्यांच्या वॉलेटला, म्हणजे क्रिप्टोच्या खात्याला पाठवलेस, त्या व्यवहारांचा ट्रान्झॅक्शन हॅश (क्रिप्टो व्यवहाराचा क्रमांक) आणि वॉलेटचा पत्ता हवा. ॲपमध्ये पत्त्याची पुढची-मागची चारच अक्षरं दिसतात, त्याचा फोटो निरुपयोगी. अख्खा पत्ता कॉपी करून घे. तो व्यवहार उलटवता येत नाही, पण नोंद सगळ्यांना दिसेल अशी कायम राहते, आणि ते यूएसडीटी एखाद्या मोठ्या एक्स्चेंजवर पोचले तर पोलिसांना तिथे थांबवायला सांगता येतं. तुझ्या एक्स्चेंजलाही आजच लेखी कळव. चॅट एक्स्पोर्ट कर, ग्रुप सोडू नकोस, ॲप काढू नकोस.

पोर्टलचा नंबर मिळाला म्हणजे एफआयआर झाला असं नाही. पोलीस ठाण्यात जावंच लागेल. ‘ते खातं दुसऱ्या राज्यातलं आहे, तिकडे जा’ असं कोणी म्हणालं तर झिरो एफआयआर म्हण. जुलै 2024 पासून नव्या कायद्यात ते स्पष्टच लिहिलंय, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो.

यानंतर तुला ‘पैसे परत मिळवून देतो’ म्हणणारे भेटतील. हॅकर, वकील, अगदी ‘सायबर सेलमधून बोलतोय’ म्हणणारेसुद्धा. फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात. फी मागितली की फोन ठेव, आणि वॉलेट उघडायचे ते बारा किंवा चोवीस गुप्त शब्द कोणालाही सांगू नकोस. पुण्यातली गेनबिटकॉइनची केस आठवते? महिन्याला 10 टक्के देतो म्हणणाऱ्या अमित भारद्वाजला पुणे पोलिसांनी 2018 मध्ये पकडलं. पुढे तपासाला मदतीसाठी घेतलेल्या दोन तज्ज्ञांनाच 2022 मध्ये अटक झाली. जप्तीतली क्रिप्टो स्वतःकडे वळवल्याचा आरोप! त्यातला एक तर माजी आयपीएस अधिकारी. मग फोनवरच्या अनोळखी हॅकरचं काय घेऊन बसलास.

खोटी आशा दाखवत नाही. बँकेतून गेलेल्यापैकी काही अडलं असेल, तर ते कोर्टाच्या आदेशाने, वेळ लागून मिळेल. यूएसडीटीचं अवघड आहे. तरी तक्रार हवीच. त्या खात्यांवर दुसऱ्या कोणाचीही तक्रार असली तर तपास एकत्र जुळतो. शिवाय ते आठ हजार दुसऱ्या कोणा फसलेल्याचे असले आणि त्यामुळे उद्या तुझंच खातं गोठलं, तर आधी केलेली तक्रार तुझ्या कामाला येईल.

साडूला तू ग्रुपमध्ये घेतलंयस ना? त्याला आज रात्रीच फोन कर. तो अजून पैसे भरतोय. तुझ्यावर चिडेल, चिडू दे. वहिनींनाही तूच सांग. बँकेतून कोणाचा फोन येऊन त्यांना कळणं फार वाईट.

मी मंगळवारी सकाळी नाशिकला पोचतोय, ठाण्यात बरोबर येतो. तोवर स्टेटमेंटच्या दोन प्रती काढून ठेव, आधार आणि पासबुकाची झेरॉक्सही. 1930 चा तक्रार क्रमांक मिळाला की मला लगेच पाठव.

तुझा,
सुधीर