कंपनी गार्डनमधला तो पुतळा हलवा: मॉरिशसच्या कला व संस्कृती मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. कला व संस्कृती मंत्री,
मॉरिशस सरकार, पोर्ट लुईस

विषय: कंपनी गार्डनमधला आद्रियँ द एपिने यांचा पुतळा

मंत्रीमहोदय, सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या ऑफिसला फ्रेंचमधे पाठवतेच आहे, पण आधी मराठीत लिहून टाकतेय कारण यातलं निम्मं मला आमच्याच माणसांना सांगायचंय, इथल्याही आणि तिकडे कोकणातल्याही. मी मूळची कुडाळची, लग्न होऊन इथे आले त्याला आता चौदा वर्षं होतील. सासरचे लोक मराठी, पण पाच-सहा पिढ्या इथलेच. घरात क्रिओल बोलतात, गणपतीत आरत्या मराठीत म्हणतात, आणि सासूबाईंना झाकरीची, म्हणजे आपल्या जाखडी नाचाची, जेवढी गाणी पाठ आहेत तेवढी आमच्या गावातसुद्धा आता कुणाला येत नसतील.

माझं ऑफिस पोर्ट लुईसला. दुपारच्या सुट्टीत मी बरेचदा ढोल पुरी (इथली डाळ भरलेली पोळी) घेऊन कंपनी गार्डनमधे जाऊन बसते, तिथले ते प्रचंड वड, पारंब्या खाली टेकलेल्या, मला घरची आठवण येते म्हणून. कॉलेजची पोरं, रिटायर झालेले लोक, कबुतरं, सगळे तिथेच. आणि मधे हे पुतळे. इतकी वर्षं मी कधी वर बघितलंच नव्हतं खरं सांगायचं तर. गेल्या सुट्टीत मुलाला बरोबर नेलं होतं, नऊ वर्षांचा आहे, आणि त्याचा वर्गमित्रही होता, आमच्या शेजारणीचा मुलगा, क्रिओल आहेत ते लोक, म्हणजे इथे आणलेल्या गुलामांचे वंशज. दोघं पुतळ्यांवरची नावं मोठ्यानं वाचत फिरत होते. एका पुतळ्याशी थांबून माझ्या मुलानं विचारलं, आई, ह्यानं काय केलं होतं? मला फक्त नाव माहीत होतं, म्हटलं घरी जाऊन बघू. घरी जाऊन बघितलं, आणि मग वाटलं की बरं झालं तिथे त्या दुसऱ्या पोरासमोर मला उत्तर येत नव्हतं ते.

आद्रियँ द एपिने वकील होते. स्वतः गुलामांचे मालक होते, आणि या बेटावरच्या मालक लोकांचे पुढारी. 1830 च्या दशकात लंडनमधे गुलामगिरी बंद करायची हालचाल जोरात आली तेव्हा हे मालकांचे प्रतिनिधी म्हणून दोनदा लंडनला गेले, 1831 ला आणि परत 1833 ला. मागणी काय, तर आमची ही माणसं तुम्ही सोडवणार असाल तर आम्हाला भरपाई द्या. आणि ती मिळाली. 1 फेब्रुवारी 1835 ला इथे गुलामगिरी संपली, साधारण 66 हजार माणसं कागदावर मोकळी झाली, आणि त्यांच्या मालकांना 20 लाख पौंडांवर भरपाई मिळाली. त्या 66 हजारांना एक पै नाही. उलट त्यांना 'अप्रेंटिस' असं नाव देऊन त्याच मालकांकडे आणखी राबायला लावलं, ते 1839 ला कुठे सुटलं.

1832 चं एक प्रकरण तर मला माहीतच नव्हतं. जॉन जेरेमी नावाचा वकील ब्रिटिश सरकारनं इथे मोठ्या सरकारी पदावर पाठवला होता, तो गुलामगिरीच्या विरोधातला म्हणून प्रसिद्ध. तो बोटीतून उतरायच्या आधीच इथल्या मालक मंडळींनी ठरवलं होतं याला टिकू द्यायचं नाही. दुकानं बंद, बाजार बंद, सगळं शहर आठवड्यांमागून आठवडे ठप्प करून ठेवलं, आणि त्या माणसाला दोन महिन्यांच्या आत परत जावं लागलं. यामागे पुढाकार कुणाचा, तर ज्यांच्या पुतळ्याखाली माझा मुलगा उभा होता त्यांचा.

आता मला सांगतील, आणि सांगितलंही काही लोकांनी, की अहो त्यांनी वृत्तपत्रांना स्वातंत्र्य मिळवून दिलं, ल सेर्नेएँ हा पेपर काढला. काढला ना, 1832 मधे. पण तो पेपर लढला कुणासाठी? मालकांसाठीच. छापायचं स्वातंत्र्य हवं होतं ते माणसं ताब्यात ठेवायच्या हक्कासाठी ओरडता यावं म्हणून. ज्यांना स्वतःचं नावसुद्धा स्वतःचं ठेवता येत नव्हतं त्या 66 हजारांनी तो पेपर वाचला असता तर त्यांना काय वाटलं असतं, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. आणि पत्रकारितेसाठीच मान द्यायचा असेल तर त्याच बागेत रेमी ओलिए आहेत की! 1843 ला ला सांतिनेल काढलं, गोऱ्यांच्या बरोबरीचे हक्क मिश्रवंशीय लोकांना मिळावेत म्हणून लिहीत राहिले आणि तिशीच्या आत गेले. त्यांना आणखी चांगली जागा द्या, शाळेतली पोरं नेऊन दाखवा.

नावावरून आठवलं. इथल्या मोका गावी महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमधे करारावर आलेल्या हिंदुस्थानी मजुरांची सगळी रजिस्टरं आहेत. आम्ही काही वर्षांपूर्वी सासूबाईंच्या पूर्वजांची नोंद काढली. बोटीचं नाव, नंबर, वय, उंची, बापाचं नाव, आणि जिल्हा रत्नागिरी, ते पण कुणा इंग्रज कारकुनानं कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं वाकडंतिकडं स्पेलिंग. सासूबाईंनी तो कागद आधी देवासमोर ठेवला आणि मग तासभर रडत होत्या. आमच्या शेजारणीनं, माझी मुलं तिला तांतीन म्हणजे मावशी म्हणतात, तो कागद हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि एवढंच म्हणाली की तुम्हाला गाव तरी सापडलं. तिच्या घरात मागे जाता जाता एक नाव येतं आणि तिथेच सगळं थांबतं. गुलामांना नावं मालकांनी नाहीतर कारकुनांनी दिलेली, कुणाला महिन्याचं नाव, कुणाला वाराचं, कुणाला निव्वळ थट्टेचं. मादागास्करहून आणलं का मोझांबिकहून, ते आता कळायला मार्गच नाही. आणि ती रोज पोर्ट लुईसला कामाला जाताना त्या बागेवरून जाते.

म्हणून आमच्या मराठी मंडळींना म्हणते, हा 'त्यांचा' प्रश्न आहे, आपण कशाला मधे पडा, असं जे सगळे हळू आवाजात बोलतात ना ते आता बंद करूया. आपण इथे आलो कसे? गुलामगिरी संपत आली आणि ऊसाला हात कमी पडणार म्हणून मालकांनी हिंदुस्थानातून माणसं आणली, 1834 पासून. भरपाईचा पैसा होताच हाताशी, त्यातला कितीतरी उसात आणि नवे मजूर आणण्यातच गेला. म्हणजे ज्या पैशासाठी द एपिने लंडनला गेले त्याच पैशाच्या मागोमाग आपले लोक बोटीत चढले. पोर्ट लुईस बंदरात मजूर उतरवायचे त्या आप्रवासी घाटाच्या दगडी पायऱ्या चढले ते चार-साडेचार लाख लोक, त्यात आपल्या रत्नागिरीकडचे, सावंतवाडीकडचे. त्यांचेही हालच झाले, कुणी नाही म्हणत नाही. पण आपण आलो म्हणून जे नुकते मोकळे झाले होते त्यांच्या मजुरीला भाव राहिला नाही, हेही खरं आहे आणि हे आपल्या घरात कुणी कधी बोलत नाही.

पुतळा म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको. 2023 ला मॉरिशसमधे छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं, महाराष्ट्रातून उपमुख्यमंत्री आले होते, तेव्हा आमच्या घरातली सगळी मंडळी नवे कपडे घालून गेली होती, सासूबाई गुडघे दुखत असताना उन्हात उभ्या राहिल्या. का? तर उंच चौथऱ्यावर उभा केलेला माणूस म्हणजे 'हा आमचा, याच्याकडे मान वर करून बघायचं' असं आख्खं गाव बोलत असतं. मग तोच नियम त्या बागेतल्या पुतळ्याला पण लागू होतो. तांतीनला आपण रोज मान वर करून कुणाकडे बघायला सांगतोय?

आणि हे दुखतं, मला माहीत आहे. घानामधल्या युनिव्हर्सिटीतून 2018 ला गांधीजींचा पुतळा काढला तेव्हा मला फार लागलं होतं, दोन दिवस मी चिडलेली होते. मग तिथल्या प्राध्यापकांचं म्हणणं वाचलं, गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत तरुणपणी तिथल्या काळ्या लोकांबद्दल काय काय लिहिलं होतं ते वाचलं. गांधीजींबद्दलचा माझा आदर गेला नाही, पण घानावाल्यांच्या अंगणात कुणाला उभं करायचं हे त्यांनी ठरवायचं, एवढं मला पटलं. द एपिने घराण्याबद्दल ज्यांना आपुलकी आहे त्यांनाही मी एवढंच सांगेन, तुमच्या घरातला फोटो काढा असं कुणी म्हणत नाहीये, बाग सगळ्यांची आहे.

इतिहास पुसला जाईल म्हणतात. मंत्रीमहोदय, आमच्या मुंबईत काळा घोडा नावाची जागा आहे. तिथे एडवर्ड राजाचा घोड्यावरचा पुतळा होता, 1965 ला तो उचलून राणीच्या बागेत नेला. साठेक वर्षं झाली, आजही टॅक्सीवाल्याला काळा घोडा म्हटलं की तो बरोबर तिथेच नेतो आणि ज्याला तो राजा बघायचाय तो भायखळ्याला जाऊन बघतो. काय पुसलं गेलं? उलट आज कंपनी गार्डनमधे रोज शेकडो माणसं येतात आणि माझ्यासारखी चौदा वर्षं बसून डबा खातात आणि त्यांना 1832 चं, 1835 चं काही म्हणजे काही कळत नाही. पुतळा तिथे आहे म्हणून मला इतिहास कळला नाही, मुलानं विचारलं म्हणून कळला.

मी पुतळा फोडा म्हणत नाहीये. ब्रिस्टलला 7 जून 2020 ला लोकांनी कोलस्टन या गुलामांच्या व्यापाऱ्याचा पुतळा दोर लावून पाडला आणि बंदरात ढकलला, कारण कितीतरी वर्षं लोक अर्ज करत होते, निदान खालची पाटी तरी बदला म्हणत होते आणि तीसुद्धा बदलली गेली नाही. मला ते आपल्याकडे व्हायला नको आहे. तोच पुतळा आता तिथल्या म्युझियममधे आडवा ठेवलाय, अंगावरचा रंग तसाच, आणि शेजारी सगळी हकिगत लिहिलीय.

आपल्याकडे तर जागा तयारच आहे. आप्रवासी घाटाच्या शेजारी जुनं लष्करी हॉस्पिटल, ला बुर्दोने हे इथले फ्रेंच गव्हर्नर असताना 1740 च्या सुमारास गुलामांच्या हातांनी बांधलेलं, तिथेच आता गुलामगिरीचं म्युझियम आहे. द एपिनेंना तिथे न्या. चौथऱ्याशिवाय, जमिनीवर, माणसाच्या उंचीला ठेवा. शेजारी भरपाईचे आकडे लावा, जेरेमीची गोष्ट लावा, पेपरचे अंकही लावा, त्यांनी जे केलं ते सगळंच लावा, लोक वाचतील आणि आपलं मत बनवतील.

मग ला बुर्दोनेंचं काय, असं तुमचे सल्लागार नक्की विचारतील. प्लास दार्म या चौकात बंदराकडे तोंड करून उभे आहेत ते. त्यांच्या काळात पहिल्या पाच वर्षांतच इथल्या गुलामांची संख्या चौपट झाली, डोंगरात पळालेल्यांना पकडायला त्यांनी गुलामांमधूनच शिपाई उभे केले, आणि पळालेला सापडला तर कायदा काय होता, पहिल्यांदा कान कापून खांद्यावर डाग, दुसऱ्यांदा पायाची शीर तोडायची, तिसऱ्यांदा मरण. ले मॉर्न डोंगराच्या कड्यावर पळालेले लोक का चढून बसायचे ते यावरून समजतं. तरीपण माझं प्रामाणिक मत विचाराल तर ला बुर्दोनेंचा पुतळा मी आज हलवा म्हणणार नाही. त्यांनी हे बंदर वसवलं, शहर उभं केलं, त्यांचा पुतळा त्यासाठी आहे, तिथे मोठी पाटी लावा की हे शहर बांधलं कुणी, मादागास्करचे, मोझांबिकचे, पाँडिचेरीहून आणलेले कारागीर सुद्धा. क्रिओल, फ्रेंच, इंग्लिश, भोजपुरी सगळ्यात लावा. तांतीनचं मत याहून वेगळं आहे, तिला दोन्ही नको आहेत, आणि तिचं मत माझ्यापेक्षा जास्त महत्त्वाचं आहे. पण द एपिनेंच्या बाबतीत दुसरी बाजू मला शोधूनही सापडत नाही, मालकांची बाजू मांडणं हेच त्यांचं सार्वजनिक आयुष्य होतं.

गुलामगिरी आणि करारी मजुरीची चौकशी करणाऱ्या इथल्या सत्य आणि न्याय आयोगानं 2011 ला एवढा जाडजूड अहवाल दिला. दर 1 फेब्रुवारीला ले मॉर्नला फुलं वाहतात, भाषणं होतात, मी पण आलेय दोनदा. ही मागणीही नवीन नाही, क्रिओल संघटना कितीतरी वर्षं हेच सांगत आल्यात, मी आज त्यांच्या मागे एक मराठी नाव जोडतेय इतकंच. वारसा-स्मारकं सांभाळणारा नॅशनल हेरिटेज फंड तुमच्याच खात्याकडे आहे, महापालिकेला बरोबर घ्या, एक जाहीर सुनावणी लावा, आणि ती शनिवारी ठेवा म्हणजे कामावर जाणाऱ्या बायकांना येता येईल. पहिलं बोलायला ज्यांच्या पूर्वजांना विकलं गेलं त्यांना बोलवा, आम्ही मराठी, तमिळ, भोजपुरीवाले मागच्या खुर्च्यांवर बसू. मी येईन, सासूबाई पण येतो म्हणाल्यात.

तारीख कळवा. उत्तर क्रिओलमधे दिलंत तरी चालेल, मी तांतीनला वाचून दाखवीन.

आपली,
कुडाळची लेक, क्वात्र बोर्नची सून