डोंगराला वळसा घालणारे हंस

इंदापूर,
८ फेब्रुवारी

प्रिय बाळ्या,
सप्रेम नमस्कार.

ऑगस्टात लडाखचा ट्रेक अर्धवट सोडून परत आल्यापासून त्या विषयावर तू माझ्याशी एकच वाक्य बोलला आहेस. "शरीरानं ऐन वेळी दगा दिला रे." फोन ठेवला तरी ते वाक्य माझ्या कानातून गेलं नाही. परवा वहिनी म्हणाल्या, तेव्हापासून तू सिंहगडावरसुद्धा गेलेला नाहीस, बूट माळ्यावर टाकलेस. फोनवर तू विषय बदलतोस, म्हणून पत्र लिहायला बसलो.

गेल्या रविवारी पहाटे भिगवणला गेलो होतो. कुंभारगावच्या काठावरून नावेत बसलो तेव्हा उजनीच्या पाण्यावर धुकं होतं, पलीकडचा काठ दिसत नव्हता. मला रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, बघायचे नव्हते, पट्टकादंब हंस बघायचे होते. नावाड्याने बरंच अलीकडे मोटार बंद केली आणि बांबू हातात घेतला. चिखलाच्या एका जिभेवर चाळीस-पन्नास हंस उभे होते. करडं अंग, पांढरं डोकं, डोक्यामागे काजळाने ओढल्यासारखे दोन आडवे काळे पट्टे, चोच आणि पाय पिवळे. रात्रभर कुणाच्या तरी हरभऱ्यात चरून आलेले, त्यामुळे निवांत. फक्त कडेचा एक मान ताठ करून उभा. आम्ही थोडं सरकलो तशी त्याच्या शेजारच्याची मान वर आली. अजून थोडं सरकलो, तिसऱ्याची. नावाडी हळूच म्हणाला, "सर, आता थांबू. अजून एक-दोन माना वर गेल्या की सगळी उठतील." आम्ही थांबलो. पाच मिनिटांनी एकेक मान खाली गेली.

तिथे बसल्या बसल्या मला तू आठवलास. त्सो मोरिरीच्या काठाला तू तंबू ठोकला होतास ना, ती यांच्या जातीची विणीची जागा. उन्हाळ्यात लडाखमध्ये, तिबेटच्या पठारावर, मंगोलियात ते अंडी घालतात, पिल्लं वाढवतात आणि थंडीत हिमालय ओलांडून आपल्याकडे येतात. ज्या हवेत तुझा पाय उचलेना, त्या हवेत हा दोन-अडीच किलोचा पक्षी पंख मारत जातो. हे त्याला कसं जमतं याचा अभ्यास विद्यापीठांतून बरीच वर्षं चालला आहे. गेले दोन महिने मी तेच वाचतोय. वाचता वाचता तुझ्याबद्दलचं माझं मत पक्कं झालं आणि माझ्या स्वतःच्या एका चुकीबद्दलचंही. ते पुढे सांगतो.

आधी जेसिका मीरची गोष्ट. कॅनडात व्हँकुव्हरला ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठ आहे, तिथे ती काम करत होती. त्याआधी अंटार्क्टिकाचे एम्परर पेंग्विन श्वास रोखून इतका वेळ पाण्याखाली कसे राहतात, हा तिचा विषय होता. आता प्रश्न हंसाचा. नुसत्या बसलेल्या पक्ष्याला कमी ऑक्सिजनची हवा देऊन मोजमाप करता येतं, पण तिला मोजायचं होतं प्रत्यक्ष उडताना. जातिवंत रानपक्षी तोंडाला मास्क लावून घेईल, पाठीवर यंत्रं बांधून घेईल आणि वाऱ्याच्या बोगद्यात एका जागी उडत राहील, हे व्हावं कसं? तिने ठरवलं की आपणच त्यांची आई व्हायचं. हंसाचं पिल्लू अंड्यातून बाहेर येताच जे हलतंबोलतं समोर दिसेल त्याच्या मागे लागतं. कॉनराड लॉरेन्झने यावर केलेलं काम प्रसिद्धच आहे, १९७३चं नोबेल मिळालेल्या तिघांत तो होता. तर २०१० साली अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या एका पक्षी-उद्यानात अंडी फुटली तेव्हा पिल्लांसमोर मीर होती. ती चालली की पिल्लं रांगेने मागे. ती बसली की अंगावर चढून झोपणार. पंख फुटल्यावर ती सायकल मारायची आणि हे शेजारून उडायचे. पुढे त्यांचा वेग सायकलला झेपेना, तेव्हा तिने स्कूटर घेतली.

मी हे वाचताना दोनदा थांबलो, बाळ्या. आकडे पुढे आहेतच, पण ज्या जिवाची ताकद मोजायची, त्याचा आधी विश्वास मिळवायचा, त्याच्यापाशी महिनोन्महिने राहायचं. वीस वर्षं मी मैदानावर मुलांना धावायला शिकवतोय, पहिल्याच दिवशी त्यांच्या हाती नंबर देऊन शिट्टी वाजवतो. मला ते फार लागलं.

मग विद्यापीठाच्या वाऱ्याच्या बोगद्यात समोरून वारा सोडायचा आणि हंसाने त्यात जागच्या जागी उडायचं. सगळा बोगदा विरळ हवेने भरणं शक्य नव्हतं, म्हणून मास्कमधूनच नायट्रोजन मिसळलेली हवा दिली. आपण श्वास घेतो त्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो. त्यांना आधी साडेदहा टक्के दिला, म्हणजे साधारण साडेपाच हजार मीटरवरची स्थिती. मग सात टक्के, म्हणजे नऊ हजार मीटरच्या आसपासची. सगळे हंस काही तयार झाले नाहीत, जे झाले तेही काही मिनिटंच उडायचे. बोगद्यातली हवा दाट होती, वरच्यासारखी विरळ नव्हती, त्यामुळे पंखांना आधार जास्त मिळाला, हेही लक्षात ठेवायला हवं. पण जे हाती आलं ते असं. ऑक्सिजन निम्म्यावर आला तरी हृदयाचे ठोके वाढले नाहीत. पंखांची गतीही तेवढीच राहिली. कमी झाला तो शरीराचा खर्च. तेच काम हंस कमी ऑक्सिजन जाळून करत होता. आणि उडताना शिरांमधून परत येणारं रक्त गार होत होतं. गार रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन जास्त घट्ट धरतं, म्हणजे फुप्फुसापाशी ते भरभरून उचलणार आणि राबणाऱ्या गरम स्नायूंपाशी सोडणार.

मला वाटलं होतं की हंस जीव तोडून, छाती फुटेस्तोवर पंख मारत असेल. झालं उलटंच.

हा लेख २०१९च्या सप्टेंबरात छापून आला आणि त्याच महिन्यात मीर अंतराळस्थानकात गेली. मधल्या काळात नासाने तिला निवडलं होतं. त्या ऑक्टोबरात ती आणि क्रिस्टिना कोच स्थानकाबाहेर पडल्या, फक्त स्त्रियांनी केलेला तो पहिला स्पेसवॉक. माझ्या मुलींना मी तिचा फोटो दाखवला.

आता खरी गोष्ट ऐक. पूर्वी लोक सांगायचे की हे हंस एव्हरेस्टवरून उडत जातात. वेल्समधल्या बँगोर विद्यापीठाच्या लोकांनी ९१ हंसांच्या पाठीवर यंत्रं बसवून त्यांचा माग काढला. शिखरांवरून जाणारे नव्हतेच ते. दऱ्यादऱ्यांतून जात होते. कधीमधी सात हजार मीटरच्या वर एखादा सापडला, सर्वात जास्त नोंद ७,२९० मीटरची, पण शंभरातल्या ९५ नोंदी साडेपाच हजारांच्या आतल्या. सरळ रेषेपेक्षा ११२ किलोमीटर जास्त लांबचा रस्ता त्यांनी धरला. डोंगराला वळसा घातला! चढतात ते बहुतेक रात्री आणि पहाटे, हवा गार आणि दाट असते तेव्हा. दुपारचा वर जाणारा वारा फुकट मिळत असून तो घेत नाहीत.

त्याच विद्यापीठाच्या चार्ल्स बिशपने आणि त्याच्या सोबत्यांनी पुढे मंगोलियात, पिसं झडून हंस उडू शकत नाहीत त्या दिवसांत त्यांना पकडलं, पोटात ठोके मोजणारी छोटी यंत्रं बसवली आणि पुढल्या साली तेच पक्षी पुन्हा पकडून ती काढली. २०१५ साली त्यांनी जे मांडलं ते मी तीन वेळा वाचलं. डोंगर चढून गेलेला हंस पलीकडे दरी लागली की मिळवलेली सगळी उंची सोडून खाली उतरतो. पुढचा डोंगर आला की पुन्हा चढतो. आपल्याला वाटेल, केवढी मेहनत वाया! पण वरच्या विरळ हवेत टिकून राहायचं तर पंख जरा जास्त वेगाने मारावे लागतात आणि त्या 'जरा'ची किंमत हृदयाला फार मोठी पडते. त्यापेक्षा उतरून परत चढणं स्वस्त.

आणि हा पक्षी काय साधा आहे? त्याच्या फुप्फुसातून हवा एकाच दिशेने वाहते, आपल्यासारखी आत-बाहेर होत नाही. हिमोग्लोबिनमध्ये एक दुवा असा बदललेला आहे की ते ऑक्सिजन जास्त घट्ट पकडतं. आपण जोरजोरात श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि त्याने मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. त्याच्या आकसत नाहीत. तो मैदानातून निघून सात-आठ तासांत हिमालय चढून जातो, मध्ये सराव नाही, मुक्काम नाही. एवढं सगळं अंगात असलेला प्राणीही गरजेपेक्षा एक मीटर वर जात नाही.

आता तुझं बघ. लेहला विमानाने उतरलास, म्हणजे दोन तासांत साडेतीन हजार मीटर. सहाव्या दिवशी त्सो मोरिरीच्या वरच्या कॅम्पला. तीन हजारांच्या वर झोपायची जागा रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, असं डॉक्टर सांगतात. तुमची तारीख ठरलेली, परतीची तिकिटं काढलेली. त्या रात्री तुझं डोकं फुटायला लागलं, उलटी झाली आणि तू म्हणालास की पाय सरळ पडेनात. बाळ्या, पाय सरळ न पडणं ही साधी दमणूक नव्हे, मेंदूला सूज येत असल्याची ती खूण असते आणि त्यावरचा खरा इलाज एकच, ताबडतोब खाली उतरणं. तुझ्या गाईडने तेच केलं. बाकीचे चौघे वर जाऊन आले याचा तुझ्या ताकदीशी संबंध नाही. मॅरेथॉन पळणाऱ्यालाही हा त्रास होतो आणि पोट सुटलेल्याला एखाद्या वेळी होत नाही. तुझ्या शरीराने दगा नाही दिला. त्या हंसांच्या माना कशा एकेक करून वर गेल्या, तशा तुझ्या शरीराने खुणा केल्या. डोकं, मग उलटी, मग पाय.

आणि माझी चूक ही. निघायच्या आदल्या रात्री तू मला फोन केला होतास. डोकं जड होईल का, असं विचारलंस. मी काय म्हणालो ते मला शब्दन् शब्द आठवतं. "मन घट्ट कर, शरीर येतं मागून." मैदानावर मी हेच ओरडत आलो. डोकं दुखायला लागल्यावर तू चार तास कुणाला सांगितलं नाहीस, त्यात माझ्या त्या वाक्याचा वाटा असेल तर मला माफ कर.

माझ्याकडे नववीतली एक मुलगी आहे, तीन हजार मीटर पळते. आमच्या मैदानाच्या पंधरा फेऱ्या. पहिल्या दोन फेऱ्यांत सगळ्यांना मागे टाकायची, नवव्या फेरीला खांदे कानाला लागायचे आणि शेवटी चालत यायची, रडत. मी "ओढ, ओढ" म्हणायचो. डिसेंबरपासून मी शिट्टी खिशात ठेवली. पहिल्या चार फेऱ्या मी तिच्या बाजूने सायकल चालवतो आणि ती मला घरचं काहीतरी सांगत पळते. वाक्य तुटलं की वेग कमी. तिसऱ्या आठवड्यात तिच्या आईने केलेल्या पुरणपोळ्यांची गोष्ट ती पाचव्या फेरीपर्यंत न तुटता सांगत होती. तालुक्याच्या स्पर्धेत चौथी आली. शेवटची फेरी पहिल्यांदाच पळत संपवली, आणि लगेच पाणीही मागितलं नाही, आधी आपला वेळ विचारला.

पट्टकादंब मार्चपर्यंत आहेत, मग उत्तरेला निघतील. उन्हं तापायच्या आत, या नाहीतर पुढच्या शनिवारी रात्री मुक्कामाला ये. पहाटे पाचला निघू, नावाड्याला मी सांगून ठेवलंय. तो म्हणाला, अंधार असताना काठाला पोचलात तर रानातून परत येणाऱ्या थव्यांचे आवाज डोक्यावरून जाताना ऐकू येतात. स्वेटर आण, पाण्यावर गारठा असतो. आणि माळ्यावरचे ते बूट घालून ये, काठाला चिखल फार आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. काकूंच्या गुडघ्याचं कळव.

तुझा,
दत्ता