पहारेकऱ्याला वगळून कसले परीक्षण?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत सुट्टीतल्या चित्रपटांच्या लेखात रात्री संग्रहालयातल्या वस्तू जिवंत होतात अशा ‘नाइट अ‍ॅट द म्युझियम’ या हॉलिवूडपटाची जी बोळवण केली आहे, ती वाचून राहवले नाही. माकड, डायनोसॉरचा सांगाडा आणि अमेरिकी अध्यक्ष रूझवेल्टचा मेणाचा पुतळा यांची पळापळ म्हणजे इतिहासाची सर्कस, असा निकाल देऊन लेखक मोकळे झाले. सबंध लेखात लॅरी डेलीचे नाव एकदाही नाही. बेन स्टिलरने केलेला रात्रपाळीचा पहारेकरी हाच चित्रपटाचा नायक आहे. त्यालाच गाळून परीक्षण कसे लिहिता येते?

पहिल्या रात्री लॅरीची दाणादाण उडते. माकड किल्ल्या पळवते, हूणांचा राजा अटिला याची टोळी अंगावर धावून येते. मग तो काय करतो? पुस्तके काढून बसतो. अटिला कोण, सॅकाजविया कोण, हे वाचतो आणि त्यांच्याशी बोलायला शिकतो. पाठीवर तान्हे मूल घेऊन लुईस आणि क्लार्क या अमेरिकी शोधप्रवाशांच्या मोहिमेबरोबर पॅसिफिकपर्यंत गेलेली ही शोशोनी जमातीची सॅकाजविया चित्रपटात जाड काचेआड उभी असते, तिला बाहेरचे काही ऐकू येत नाही. माझ्या नातीने ते पाहिले आणि दुसऱ्या दिवशी तिच्याबद्दल मिळेल ते वाचून काढले. सर्कस बघून मुले असे करत नाहीत.

मला हे इतके लागले त्याला कारण आहे. माझे वडील एका संग्रहालयात पहारेकरी होते. शस्त्रांच्या दालनात त्यांची खुर्ची असे. दांडपट्ट्याची मूठ कोपरापर्यंत हात झाकते, त्यामुळे मनगट वळत नाही आणि वार सबंध हात फिरवून करावा लागतो, हे ते रिकाम्या हाताने करून दाखवत. शाळेची मुले त्यांच्याभोवती कोंडाळे करत. एकदा एका साहेबांनी मुलांसमोरच त्यांना झापले, “तुम्हाला लक्ष ठेवायला ठेवलंय, भाषणं द्यायला नाही.” त्यानंतर वडील त्या दालनात गप्प बसू लागले. मुले यायची, काचेला नाक लावून बघायची आणि रांगेने पुढे जायची. त्या पट्ट्याबद्दल त्यांना सांगणारे माणूस तिथेच बसलेले होते, पण बोलायची चोरी झाली होती. आजही हे आठवले की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

म्हणून हा चित्रपट मला मोलाचा वाटतो. त्यात सुरुवातीलाच पैसे वाचवण्यासाठी तीन म्हातारे पहारेकरी काढून एकावर भागवायचे ठरते. हे काही हॉलिवूडच्या कल्पनेतले नाही, आपल्याकडेही तेच चालू आहे. ते म्हातारे पुढे चोर निघतात, हे मला आवडले नाही. पण दालनातली प्रत्येक वस्तू कोणाची आणि कुठली, हे रात्रभर जागणाऱ्या माणसाला ठाऊक असले पाहिजे, असे सांगणारा मुलांचा दुसरा चित्रपट मी तरी पाहिलेला नाही. लेखकांना तो बालिश वाटला असेल, तो त्यांचा अधिकार. मात्र पुढच्या वेळी संग्रहालयात गेल्यावर त्यांनी खुर्चीवरच्या माणसाशी पाच मिनिटे बोलावे, ही विनंती.

जाता जाता आणखी एक. तिन्ही भाग न्यूयॉर्कच्या एकाच संग्रहालयात घडतात, असे लेखात छापले आहे. २००९ चा दुसरा भाग मुख्यतः वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये घडतो आणि २०१४ चा तिसरा लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये. रूझवेल्ट साकारणारे रॉबिन विल्यम्स त्या तिसऱ्या भागाच्या प्रदर्शनाआधी चार महिने वारले, त्याचीही एक ओळ नाही. पूर्वी आपल्या पुरवणीत अशा चुका सापडत नसत. दुरुस्ती येत्या रविवारी त्याच पानावर छापावी, आतल्या कोपऱ्यात नको.

आपली,
एक वाचक, सातारा