फ्रेटिंग चाचण्यांची मूळ मोजमापे खुली करा: विज्ञान व तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

यंत्राचे दोन भाग कितीही घट्ट बसवले तरी कंपनांमुळे एकमेकांवर किंचित सरकत राहतात, काही मायक्रॉनपासून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) शंभरेक मायक्रॉनपर्यंत. त्यातून होणारी झीज म्हणजे फ्रेटिंग. टर्बाइनच्या पात्याचे मूळ, स्प्लाइन (आसावरचे एकमेकांत बसणारे दाते), आसावर दाबून बसवलेले चाक, कृत्रिम खुब्याचा सांधा, सगळीकडे ती आढळते. पोलादी सांध्यातून तांबूस भुकटी बाहेर दिसू लागते, तोवर आत बरेच नुकसान झालेले असते.

ही झीज आधीच कळावी म्हणून सिम्युलेशनला, म्हणजे संगणकावर झिजेची नक्कल करण्याला, सार्वजनिक निधी मिळतो, तो मिळायलाच हवा. पण नुसते मोठे संगणक घेऊन भागणार नाही. निधीतून होणाऱ्या प्रत्येक फ्रेटिंग चाचणीची मूळ मोजमापे खुली करणे बंधनकारक करावे, एवढीच आमची मागणी आहे.

सिम्युलेशनमागचे गणित आर्चर्ड या संशोधकाच्या १९५३ च्या नियमाचे: झीज गुणांक (पृष्ठे किती सहज झिजतात ते सांगणारा, चाचणीतून काढलेला आकडा), दाब आणि सरकलेले अंतर यांचा गुणाकार म्हणजे झिजेची खोली. ६ मिमी त्रिज्येचा पोलादी दंडगोल सपाट पोलादावर, लांबीच्या दर मिमीला १०० न्यूटन भाराने टेकवला, तर संपर्काची अर्धी रुंदी सुमारे ८१ मायक्रॉन आणि कमाल दाब सुमारे ७८० मेगापास्कल येतो. सिम्युलेशनसाठी भागाचे जाळीसारखे बारीक तुकडे पाडतात; इथे त्या जाळीचे घर १० मायक्रॉनच्या आसपासच हवे. आयाम (मधल्या स्थितीपासून एका बाजूची सरक) २५ मायक्रॉन आणि गुणांक दर मेगापास्कलला १०⁻⁸ धरला, तर दंडगोलाच्या मध्यावर एका आवर्तनात, म्हणजे एका पूर्ण ये-जा मध्ये, ०.०००८ मायक्रॉन झीज होते. लाखो आवर्तने एकेक करून सोडवणे परवडत नाही, म्हणून एका आवर्तनाची झीज पुढच्या अनेक आवर्तनांना लावून उड्या घेतात. हजार आवर्तनांची उडी घेतली की ०.८ मायक्रॉन एकदम जातात, आणि दंडगोलाची गोलाई तर संपर्काच्या कडेपर्यंत जेमतेम ०.५५ मायक्रॉन! मध्याचा दाब नाहीसा होतो, भार कडांवर जातो, पुढच्या पायरीला कडा झिजतात आणि दाबाचा आलेख करवतीसारखा होतो. म्हणून सुरुवात ५०-१०० आवर्तनांनी करावी. व्रण (झिजेने पडलेला खड्डा) रुंदावून दाब उतरला की उडी वाढवावी. घर्षणासाठी ढिली पेनल्टी पद्धत (चिकटलेल्या पृष्ठांनाही थोडे सरकू देणारी गणिती पद्धत) वापरली, तर चिकटलेल्या भागातही खोटी सरक दिसते. तिथे ती सरक पूर्ण रोखणारी लाग्रांज गुणकाची पद्धत बरी.

एवढे सांभाळूनही गुणांक चुकीचा असेल तर सगळे मुसळ केरात. चाचणीयंत्राने नमुना ५० मायक्रॉन ढकलला, त्यातले १५ यंत्राच्या आणि नमुन्याच्या लवचिकपणात गेले, तर खरी सरक ३५ च. हिशेब ५० ने केला की गुणांक ३० टक्के कमी निघतो आणि भाग आहे त्यापेक्षा टिकाऊ वाटतो. ही चूक बल-विस्थापनाच्या लूपवरून (एका आवर्तनातले बल आणि सरक यांच्या आलेखावर उमटणाऱ्या बंद वळशावरून) पकडता येते. अहवालात मात्र बऱ्याचदा गुणांक तेवढा छापतात, लूप नाही. शिवाय अडकलेली भुकटी स्वतःच भार उचलते, त्यामुळे लहान संपर्कावर काढलेला गुणांक रुंद संपर्काला सरसकट लावता येत नाही.

म्हणून निधीच्या अटींत ठरावीक आवर्तनांनंतरचे लूप, चाचणीयंत्राचा ताठपणा, दोन्ही पृष्ठांचे आधीचे व नंतरचे त्रिमितीय मापन, भार, वारंवारता, तापमान आणि आर्द्रता यांचा समावेश करावा. मध्येच थांबवलेल्या चाचण्याही हव्यात. केवळ शेवटची खोली जुळली म्हणून व्रण रुंदावत जाण्याचा क्रम जुळला असे होत नाही.

अटींचा मसुदा तयार करायला आम्ही विनामोबदला मदत करू.

आपले,
संपर्क यांत्रिकीत काम करणारे अभियंते