भाऊजी, तुम्ही ‘पैसे कुठून येणार?’ असं विचारलंत म्हणून

प्रिय भाऊजी,
सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही ‘अहो वहिनी, त्यात काय एवढं’ म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. इथे अमेरिकेत, क्लीव्हलँडला आपल्या वयाची बरीच मंडळी गेलेल्या माणसाच्या नावाने दान करायच्या विचारात आहेत, त्यांनाही उपयोग होईल.

हे गेल्यावर त्यांच्या नावाने काहीतरी करायचं, एवढंच मनात होतं. दर शनिवारी ग्रंथालयात मुलांना गणित शिकवायला जायचे, ते तुम्हाला माहीतच आहे. बोटभर उरलेल्या पेन्सिलींनी भरलेला त्यांचा बिस्किटांचा डबा अजून कपाटात आहे. आमचे पैशांचे सल्लागार म्हणाले, कम्युनिटी फाउंडेशनमध्ये, म्हणजे शहरातल्या लोकांच्या देणग्या सांभाळणाऱ्या संस्थेत, डोनर-ॲडव्हाइज्ड फंड उघडा. कोणाला द्यायचं ते दरवर्षी तुम्ही सुचवा, चेक फाउंडेशन पाठवेल. मला ते फार आवडलं. फॉर्म भरला, फक्त सही राहिली होती.

त्या रविवारी तुम्ही आलात, बिनसाखरेचा चहा घेता घेता फॉर्म वाचलात आणि एवढंच विचारलंत, “वहिनी, पैसे कुठून येणार?”

“ह्यांच्या आयआरएतून, म्हणजे निवृत्तीच्या बचत खात्यातून. तो आता माझ्याच नावावर आहे.”

तुम्ही चष्मा काढून टेबलावर ठेवलात. मग बँकेच्या पाकिटाच्या पाठीवर पेन्सिलीने मला सगळं समजावलंत. साडेसत्तर वर्षं पूर्ण झाली की आयआरएतून थेट धर्मादाय संस्थेला पैसे देता येतात. २०२५ साली ही मर्यादा माणशी १,०८,००० डॉलर होती. ती रक्कम आपल्या उत्पन्नात धरत नाहीत, शिवाय वर्षाला जी सक्तीची रक्कम काढावी लागते तीही त्यातून भागते. पण ही सवलत डोनर-ॲडव्हाइज्ड फंडाला नाही! मी सही केली असती तर सगळी रक्कम माझ्या उत्पन्नात आली असती आणि पुढे मेडिकेअरचा, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याचा हप्ताही वाढू शकला असता. चेक माझ्या नावावर घेऊन मग पुढे द्यायचा, असंही चालत नाही. तो संस्थेच्याच नावाने निघावा लागतो. हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. अजून आठवलं की धस्स होतं.

त्याच फाउंडेशनमध्ये दुसऱ्या प्रकारचे फंड मात्र चालतात. एका ठरावीक संस्थेला नेमून दिलेला किंवा एखाद्या विषयाला वाहिलेला. मी लगेच म्हणाले, मग ग्रंथालयाची ती शाखाच नेमून देऊ. तुम्ही म्हणालात, “आणि पन्नास वर्षांनी ती शाखाच बंद झाली तर?”

तेव्हा तुम्ही सेंट लुईसच्या ब्रायन मुलनफींची गोष्ट सांगितलीत. १८५१ साली वारले. पश्चिमेकडे वस्तीला निघालेल्या गरीब प्रवाशांसाठी त्यांनी मृत्युपत्रात मोठी रक्कम ठेवली होती. पुढे असे प्रवासीच उरले नाहीत आणि प्रकरण कोर्टात गेलं. देणारा गेल्यावरही त्याचा हात पैशावर घट्ट आवळलेला राहतो, ही अडचण आपल्याच क्लीव्हलँडच्या फ्रेडरिक गॉफ या बँकरने ओळखली आणि १९१४ साली इथे पहिलं कम्युनिटी फाउंडेशन काढलं. मूळ हेतू निरर्थक किंवा अशक्य झाला तर तो बदलायचा अधिकार फाउंडेशनला असतो. इतकी वर्षं या शहरात राहिले, पण ही गोष्ट मला तुमच्याकडूनच कळली.

भारतातल्या आपल्या गावच्या शाळेचंही मी मध्येच काढलं होतं. तुम्ही शांतपणे सांगितलंत की मी आता अमेरिकन नागरिक, त्यामुळे माझे पैसे तिथे परकीय देणगी ठरतात आणि एफसीआरए या परकीय देणग्यांच्या भारतीय कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय शाळेला ते घेता येणार नाहीत. वाईट वाटलं, पण बरं झालं आधीच कळलं.

शेवटी विषयाला वाहिलेला फंड निवडला: शाळकरी मुलांना शाळेबाहेर मोफत गणित. कुठल्या संस्थेला द्यायचं ते फाउंडेशनची समिती ठरवेल. दरवर्षी मला विचारणार नाहीत, हे पचवायला आठवडाभर लागला. तुम्ही एकदाही घाई केली नाहीत. दोनदा पुन्हा आलात, पाकीट पुन्हा समोर ठेवलंत आणि म्हणालात, “वहिनी, त्यांनी शनिवारी शिकवताना कुठल्या मुलाला कधी विचारलं का, तू कोणाचा?” त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

५०,००० डॉलर ठेवलेत. मुद्दल तसंच राहील आणि वर्षाला चार-साडेचार टक्के, म्हणजे साधारण दोन हजार, मुलांसाठी निघतील. रक्कम फार मोठी नाही, पण मी गेल्यावरही निघत राहील.

फॉर्मवर फंडाचं नाव लिहायची वेळ आली तेव्हा तुम्हाला वाटलं होतं, मी ह्यांचं नाव घालणार. मी ‘शनिवारचं गणित’ लिहिलं. फाउंडेशनच्या बाई म्हणाल्या, इंग्रजी लिपीत लिहा म्हणजे झालं. पावती आली की तुम्हाला दाखवायला आणते. पाकीट मी पेन्सिलींच्या डब्यात ठेवलंय.

तुमची,
वहिनी