तीनचा आठ कुणी केला, मंत्रिमहोदय?

मा. परिवहन मंत्री,
कर्नाटक राज्य, बेंगळुरू

सादर नमस्कार.

निपाणी तालुक्यातल्या एका टेंपोचालकाची मी बायको. गेल्या आठवड्यात माझ्या यजमानांवर कोर्टात दोषारोपपत्र दाखल झालं. लायसनमध्ये फेरफार करून ते वापरलं, असा गुन्हा. ज्या एजंटाने ते कार्ड त्यांच्या हातात ठेवलं, त्याचं नाव त्यात कुठेच नाही. "त्यालाही सोडणार नाही," असं पोलिसांनी आम्हाला तोंडावर सांगितलं होतं.

लायसनची मुदत २०२३ ला संपत होती. यजमान पहाटे भाजी भरून कोल्हापूरच्या मार्केट यार्डला जाणार, यायला दुपार उलटणार. ऑफिसच्या वेळेत सवड कुठली? त्यात पाट्या सगळ्या कानडीत. म्हणून आरटीओच्या दारातल्या एजंटाला कार्ड दिलं. नूतनीकरणाची सरकारी फी २०० रुपये, त्याने साडेतीन हजार घेतले. कार्ड परत आलं तेव्हा त्यावर २०२८ होतं. पोलीस ठाण्यात मी ते उजेडाकडे धरून पाहिलं. तीनची डावी बाजू काळ्या शाईने भरून आठ केलाय, वर नवं लॅमिनेशन. सांगितल्याशिवाय कुणाला कळणार? इतके दिवस नाक्यावरच्या साहेबांनीही तेच कार्ड बघून गाडी सोडली की!

वकिलांनी कलमं वाचून दाखवली, ती मी वहीत उतरवून घेतली. मुदत संपलेल्या लायसनवर गाडी चालवली तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८१, पाच हजार दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दंड भरू, त्याबद्दल तक्रार नाही. पण भारतीय न्याय संहितेचं कलम ३४० म्हणतं, कागद खोटा आहे हे माहीत असून, किंवा तसं मानायला कारण असून जो वापरतो तो गुन्हेगार. माहीत कुणाला होतं? फसवण्यासाठी बनावट कागद करणाऱ्याला कलम ३३६ मध्ये सात वर्षांपर्यंत कैद आहे. ती सात वर्षं कुणासाठी लिहून ठेवलीत? २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वर्णसिंग खटल्यात विमा कंपन्यांना बजावलं, की ड्रायव्हरचं लायसन खोटं निघालं एवढ्यावरून हात झटकू नका, गाडीमालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करा. मालकाबद्दल एवढा विचार होतो, मग ड्रायव्हरबद्दल का नाही?

टेंपो दारात उभा आहे. फायनान्सचा हप्ता थांबत नाही. बदली ड्रायव्हर ठेवला तर भाड्यातलं निम्मं तोच नेतो. मुदत संपून वर्ष उलटलं, म्हणून उभा जन्म स्टिअरिंगवर घालवलेल्या माणसाला आता परत टेस्ट द्यायची आहे. मुलीची कॉलेजची फी राहिलीय. गावात यांना 'डुप्लिकेट लायसनवाला' म्हणतात. हे ऐकून ते चावडीवर जायचे थांबलेत, धड जेवत नाहीत.

तुम्ही सगळे हिवाळ्यात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात अधिवेशनाला येता. आमच्यासारख्यांचं काय चाललंय, हे तिथे कोण विचारतं? १९५६ पासून आम्ही या राज्यात आहोत. सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, लागेल तेव्हा लागेल. तोवर रोड टॅक्स आम्ही तुमच्याच तिजोरीत भरतो. मग फी किती, दंड किती, एवढी एक पाटी मराठीत लावायला सरकारचं काय जातं? आम्हाला वाचता येत नाही, यावरच त्या एजंटांची घरं उभी राहिलीत. आणि हे आरटीओतल्या कुणालाच ठाऊक नाही, असं मला कुणी सांगू नये.

आरटीओने स्वतः त्या एजंटाविरुद्ध फिर्याद द्यावी. लायसनची खरी मुदत 'सारथी' या सरकारी साइटवर मोबाइलवरच बघता येते, हे प्रत्येक आरटीओत मराठीतही लिहून लावा. नाक्यावर कार्ड नुसतं बघून परत देऊ नका, तिथल्या तिथे ऑनलाइन तपासा. हे आधी झालं असतं तर आमची फसवणूक पहिल्याच नाक्यावर उघडी पडली असती.

कोर्टाच्या पुढच्या तारखेआधी तुमच्या खात्याचं लेखी उत्तर आमच्या वकिलांकडे पोचलं पाहिजे. तोंडी आश्वासन आता आम्ही घेणार नाही.

एका टेंपोचालकाची बायको,
निपाणी तालुका, जि. बेळगाव