मंडळाच्या वर्गणीला परदेशी जायला वाट कुठली? परराष्ट्रमंत्र्यांना खुले पत्र

मा. परराष्ट्रमंत्री, भारत सरकार,
सा. न. वि. वि.

परवा बँकेनं आमच्या मंडळाचा अर्ज परत केला. यंदा गणपतीत पोरांनी डॉल्बी रद्द करून गाझा आणि सुदानमधल्या लेकरांसाठी वर्गणी काढली होती. कुपोषित मुलांना शेंगदाण्याच्या पेस्टचं पाकीट देतात, ९२ ग्रॅमचं, ५०० कॅलरीचं. शेंगदाणा म्हटल्यावर पोरांना ते घरचंच वाटलं. काउंटरवरचे साहेब म्हणाले, मंडळाच्या नावानं पैसे परदेशी जात नाहीत, एकट्या माणसाच्या नावानं पाठवा. एकटा माणूस वर्षाला अडीच लाख डॉलर नेऊ शकतो, त्यातून परदेशात फ्लॅट घेतला तरी चालतो. गल्लीची वर्गणी मात्र अडते. वर सल्ला, "ताई, आधी घरचं बघा की."

दिल्लीत शब्द टाकतो म्हणणाऱ्या पुढाऱ्यांनी आता फोन उचलायचं सोडलंय.

साहेब, ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांनी पोलंडच्या राजधानीत, वॉर्सात, कोल्हापूरच्या नावाच्या स्मारकावर फुलं वाहिली. ते कशाचं स्मारक? १९४३ ते १९४८ कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत महायुद्धानं देशोधडीला लावलेली सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहिली, बहुतेक बाया आणि मुलं. खर्च लंडनमधून चालणाऱ्या परागंदा पोलिश सरकारचा होता, ठाऊक आहे मला. पण जागा आणि शेजार इथला. ते गेल्यावर तिथंच फाळणीतले सिंधी आले, गांधीनगर झालं, आणि आज अख्खा जिल्हा लग्नाचा बस्ता तिथं बांधतो. निर्वासितांच्या १९५१ च्या करारावर आपण अजून सही केलेली नाही. कोल्हापूरनं जागा दिली तेव्हा तर करारच नव्हता!

युनिसेफ सांगतं, ४७ कोटींहून जास्त मुलं युद्धाच्या सावटात आहेत, म्हणजे सहांत एक. ऑगस्ट २०२५ मध्ये गाझात दुष्काळ जाहीर झाला. अमेरिकेनं त्याच वर्षी आपली मदतसंस्था गुंडाळली. आपलं सरकार पॅलेस्टिनी निर्वासितांच्या संस्थेला वर्षाला ५० लाख डॉलर देतं, मान्य. १४० कोटींत वाटून बघा, माणशी तीस पैसे पडतात. विश्वगुरूची दक्षिणा!

आणि घरचं म्हणाल तर तेही आम्ही बघितलंय. २०१९ ला पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आणि पाणी ५५ च्या वर. चिखलीतलं आमचं घर माळ्यापर्यंत बुडालं. धाकटीला ताप, मंगल कार्यालयातल्या ओल्या सतरंजीवर रात्री काढल्या. घरी परतल्यावर तिनं भूगोलाच्या पुस्तकाचं एकेक पान तव्यावर वाळवलं. राज्य सरकारचा आदेश काय, तर दोन दिवस पाण्यात असाल तरच धान्य! म्हणजे दीड दिवसात पाणी ओसरलं तर तुमचंच चुकलं. मदतीच्या पाकिटावर फोटो केवढा, आत तांदूळ केवढे. आम्हाला जगवलं ते लांबून आलेल्या टेम्पोंनी. त्यातले काही तर उन्हाळ्यात टँकरवर जगणाऱ्या गावांचे होते. त्यांना कुणी घरचं बघा म्हणालं नाही.

आपल्याकडे सगळंच असं. बुडालेल्यानं बुडाल्याचा पंचनामा द्यायचा, उपाशी माणसानं दाखला द्यायचा, आणि आता देणाऱ्यानंही खेटे घालायचे. पूल पडला की चौकशी समिती, समिती पडली की नवा पूल.

मागणी साधी आहे. युद्धातल्या मुलांसाठी सरकारनं एक खातं काढावं, त्यात शाळा, मंडळ, दूध संस्था कुणालाही पैसे भरता यावेत. जखमी मुलांपैकी काही आपल्या रुग्णालयांत आणता आली तर आणा. आणि खात्याच्या पावतीवर कृपा करून कुणाचा फोटो छापू नका.

आपली,
चिखलीची एक आई